सुभेदाराचं ‘ठीक हूँ’

मयताचं कापड मागायला कुणी आलं की भाव सांगायचा नाही आणि मीटरपट्टी लावायची नाही, हा आमच्या दुकानाचा वडिलांपासूनचा नेम. ताग्यावरून अंदाजानं कापड सोडायचं, हातानं टरकन फाडायचं आणि तेवढंच विचारायचं, “कोण गेलं?” मंचरच्या पेठेत गादीवर बसून मी जन्मभर हा प्रश्न विचारत आलो. उत्तर ऐकायचं, जरा हळहळायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं, असं चालायचं. त्या सकाळी अवसरी बुद्रुकची दोन माणसं मोटारसायकल चालूच ठेवून पायरीवर उभी राहिली. मी मांजरपाट फाडलं, घडी घातली आणि सवयीनं विचारलं. त्यातला थोरला माझ्याकडे बघतच राहिला. “शेठ, तुमाला फोन न्हाई आला? आवं, आपलं बबन सुभेदार गेलं की...” घडी माझ्या हातातच राहिली. त्यानं ती हळूच काढून घेतली आणि दोघं निघून गेले. ज्या कापडाला मी नुकताच हात लावला होता ते कुणाच्या अंगावर जाणार आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला.

याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत दोन शब्द लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मी कापड विकणारा माणूस, मला काय लिहिता येणार? पण लिहिलं नाही तर बबनचं जे झालं ते असंच विरून जाईल, आणि ते मला सोसवणार नाही.

बबन अवसरीचा, मी मंचरचा. आमचं घराणं मूळ राजस्थानातलं. आजोबा इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी ऐकू यायची ती आई चिडली की, एरवी नाही. बबन सायकलवरून मंचरच्या हायस्कूलला यायचा आणि डबा माझ्याबरोबर खायचा. मला त्यानं पाचवीतच ‘शेठ’ करून टाकलं. तेव्हा माझ्या खिशात गोळी-बिस्किटालाही काही नसायचं, तरी शेठ. पळण्यात त्याला तोड नव्हती. भरतीत पहिल्या फटक्यात निवडला गेला तेव्हा साऱ्या पेठेला पेढे वाटायला माझे वडीलच पुढे होते. जाताना त्याच्या आईनं त्याला विचारलं होतं, “तिकडं थंडी सोसंल ना रं?” आणि हा म्हणाला होता, “काय व्हत न्हाई मला.” त्याच्या सगळ्या आयुष्याचं हे एकच वाक्य. पुढं फक्त ते हिंदीत झालं.

सुट्टीवर आला की घरी पिशवी टाकून तो आधी दुकानात यायचा. सुमनवहिनींना लुगडं घ्यायचं हे निमित्त. वहिनींचं माहेर मढचं, माळशेजच्या अंगाचं, त्यामुळे डोंगराकडच्यांना कसा रंग आवडतो यावर आमची तासभर थट्टा चालायची. मग तो बर्फातल्या चौकीच्या गोष्टी सांगायचा. चहा पातेल्यातून मगात येईस्तोवर गार होतो, झोपेत श्वास अडकतो, शेजारचा माणूस सकाळी उठेल का नाही याची खात्री नसते... हे सगळं तो हसत सांगायचा, जणू जत्रेला जाऊन आलाय. एकदा असाच म्हणाला, “शेठ, औंदा डाक्टरला चकवलं.” वर असताना त्याचं डोकं ठणकायचं, नाकातून रक्त यायचं. तिथल्या औषधं देणाऱ्या जवानानं पट्टा बांधून पाहिला तर रक्तदाब भलताच चढलेला. नोंद झाली असती तर ‘कॅटेगरी’ लागली असती, म्हणजे तब्येतीनं कमी दर्जाचा असा शिक्का. तो बसला की बढती अडते. बबन तेव्हा हवालदार होता आणि नायब सुभेदाराच्या यादीत त्याचं नाव येऊ घातलं होतं. त्यानं त्या पोराचे हात धरले, लिहू नको म्हणाला. मोठ्या डॉक्टरच्या तपासणीच्या दिवशी सकाळपासून डोळे मिटून शांत पडून राहिला, श्वास मोजत राहिला आणि आकडा खाली आणला. त्याला ही विद्याच अवगत झाली होती. फौजेत सगळेच असं करतात म्हणे. आजारी दिसणं ही तिथं लाज. मीही त्या दिवशी खो खो हसलो होतो.

बढती मिळाली, पुढं सुभेदारही झाला. आणि मग बदली झाली सपाटीवरच्या एका शांत छावणीत, जिथं सकाळी कवायत आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल. तिथं एक दिवस मैदानातच चक्कर येऊन पडला आणि पहिल्यांदा कागदावर आलं की यांना उच्च रक्तदाब आहे. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय बोर्ड बसतं. ते ठरवतं की आजार नोकरीमुळे आला, किंवा नोकरीनं वाढला, का त्याचा नोकरीशी काही संबंध नाही. पहिल्या दोन्हींत अपंगत्वाची वेगळी पेन्शन लागते, तिसऱ्यात काही नाही. बोर्डानं तिसरं लिहिलं. आजार शांत ठिकाणी सुरू झाला, शरीराच्या ठेवणीतला आणि राहणीमानाचा आहे, सेवेशी संबंध नाही.

पेन्शनची गरज होतीच, नव्हती असं सांगून मी त्याला उगाच संत बनवणार नाही. पण त्याला लागलं ते ‘राहणीमान’. बबननं आयुष्यात दारूला शिवलं नाही. त्याच्या वाट्याची कँटीनची बाटली पाहुणेरावळेच लांबवायचे. आणि गावात पारावर तेच पाहुणे म्हणायचे, मिल्ट्रीवाल्याला बी.पी. होणारच, रम काय कमी ढोसली असंल? “बाटली त्यांनी पेली आन् बी.पी. मला झालं, शेठ,” असं तो म्हणायचा तेव्हा हसू यायचं. पण एकदा दुकानात कुणी नसताना तो एकदम फुटला. “माझ्या बापाला न्हाई, आज्याला न्हाई. नव्वदीपातूर कांदं खुरपलं त्यांनी. मग ह्ये आलं कुठनं? मी काय सासुरवाडीहून आणलं? त्यांनी येवढंच लिवावं, की आमच्यामुळं झालं. बास. एक शब्द लिवावा...” त्याच्यासारखा माणूस रडतो तेव्हा आपण कुठं बघायचं हे कळत नाही. मी कात्री उचलली आणि उगाच ताग्याची कड सारखी करत बसलो.

मग सुरू झाला अर्जांचा फेरा. पहिलं अपील फेटाळलं, दुसरं फेटाळलं. मग वकील, मग सैनिकांसाठीचं न्यायाधिकरण, तारखा. दर रविवारी तो मंचरच्या बाजाराला आला की दुकानात रक्तदाब मोजायचा. यंत्र त्यानंच आणून ठेवलं होतं माझ्याकडे. घरी मोजलं की सुमन तोंडाकडं बघत बसते, म्हणायचा. हात छातीच्या उंचीला आला पाहिजे म्हणून त्याला खाली काहीतरी लागायचं. शाळेच्या गणवेशाची खाकी चड्डी बंद झाल्यापासून त्या कापडाचा एक तुकडा माझ्याकडे पडून होता. त्याची जाड घडी मी काउंटरवर ठेवली. पहिल्याच दिवशी त्यानं ती चाचपून पाहिली आणि म्हणाला, “ह्ये पोलिसाचं कापड हाये, शेठ. मिल्ट्रीचं न्हाई. आता ह्याच्यावर हात ठिवला की आकडा वाढनारच.” खुर्चीत पाठ ताठ, दोन्ही तळवे जमिनीला, डावा हात घडीवर उताणा, डोळे मिटलेले. रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न बोंबलत असायचे, गिऱ्हाइकं साड्यांची चिवडाचिवड करत असायची आणि हा गादीशेजारी समाधी लावल्यासारखा. मग डोळे उघडून यंत्राकडे बघायचा.

अखेर न्यायाधिकरणानं त्याचं म्हणणं ऐकलं. भरती होताना धडधाकट असलेला माणूस नोकरीत आजारी पडला, तर नोकरीचा संबंध नाही हे असं सहज म्हणता येत नाही, तेव्हा पुन्हा बोर्ड बसवा आणि नीट तपासा, असा निकाल झाला. अवसरीत त्या दिवशी सुमनवहिनींनी पुरणपोळी केली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरातलं मीठ बंद केलं. लोणचं बंद, पापड बंद, भाकरीबरोबर ठेचा बंद. दवाखान्यात माणूस चांगला दाखवावा, ही आपल्याकडची रीत. वधूपरीक्षेला पोरगी आणि डॉक्टरकडे नवरा नीटनेटकाच न्यायचा. मी त्यांना फोनवर म्हटलंही, वहिनी, हे बोर्ड उलटं असतं, तिथं दुखणं दिसायला हवं. त्या म्हणाल्या, “भाऊ, मी काय त्यास्नी आजारी पाडू व्हय?”

बोर्डाला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्यानं परीटघडीचा सदरा घातला होता, मिशीला पीळ दिला होता. रस्ताभर मी त्याला पढवत होतो. डोकं ठणकतं सांग, रात्री झोप लागत नाही सांग, जिना चढताना थांबावं लागतं सांग. सगळं खरंच होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. तो हो हो म्हणत होता. लष्करी दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं, तो आत गेला. दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर बाकावर. आत एक तरुण डॉक्टरीणबाई असावी, आवाज मऊ होता. ती म्हणाली, “आइए साहब. कैसे हैं?” आणि मला त्याच्या टाचा जुळल्याचा आवाज ऐकू आला. फरशीवर, खाडकन. “एकदम ठीक हूँ, मैडम! कोई तकलीफ नहीं!” ती बिचारी चांगली होती, तिनं पुन्हा विचारलं. सिरदर्द, चक्कर, कुछ? “नहीं मैडम!” मग पट्टा बांधल्याचा चरचर आवाज आला. मी न पाहताही सांगू शकत होतो आत काय चाललंय ते. पाठ ताठ, तळवे जमिनीला, डोळे मिटलेले. तो आकडा खाली आणत होता...

परतीच्या वाटेवर खेडचा घाट चढताना त्यानं एकदम गाडी थांबवायला लावली, उतरून कठड्यापाशी उभा राहिला. मी मागून गेलो. माझ्याकडे न बघता म्हणाला, “शेठ, मी काय बोललो रं आत?” तोच पुढं म्हणाला, “तोंडातनं आपूआप गेलं. तिच्या खांद्यावरलं अफसराचं तारं बघितलं आन् पाय जुळलं. जन्मभर ज्यानं विचारलं त्याला ह्येच सांगितलंय. दुसरं येतच न्हाई मला.” घाटातून ट्रक कण्हत वर चढत होते. तो कठड्याला धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

बोर्डाचं उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणेच. औषधानं ताब्यात, कसलाही त्रास नाही, अपंगत्व किमान मर्यादेच्याही खाली, म्हणजे पेन्शन नाहीच. वकिलानं पुन्हा धाव घेतली, पुन्हा बोर्डाचा हुकूम मिळवला. आणि याच काळात रविवारी बबन जरा उल्हसित दिसायला लागला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत तांबडे दोरे, पण बोलायला खुशीत. घडीवर हात ठेवायचा, यंत्र कुईकुई करायचं आणि आकडा बघून शाळकरी पोराला मार्क मिळावेत तसा हसायचा. “बघ शेठ, आला का न्हाई वर!” मी घाबरून विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? “हायेत की. यंत्र बिघडलंय तुझं.” बबन थट्टा करायचा, पण माझ्याशी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी यंत्राचे सेल बदलले. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, बोर्ड झाल्यावर जाऊ. उसात बिबट्याचा वावर होता, म्हणून नेहमीसारखाच दिवस मावळायच्या आत गाडीला किक मारून निघून गेला.

तो पडला कांद्याच्या बराखीत, साठवलेला कांदा चाळताना. मेंदूत रक्तस्राव. पुण्याला नेलं तेव्हा उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, रोजच्या गोळ्या घेत होते का? वहिनी रोज सकाळी स्वतःच्या हातानं गोळी द्यायच्या, समोर उभ्या राहून. हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना परसातला कढीपत्ता आठवला. झाडाखाली काही दिवसांपासून पांढरे विरघळलेले ठिपके दिसत होते. “मला वाटलं युरिया सांडलाय,” त्या नंतर मला म्हणाल्या, “म्या झाडून टाकलं, भाऊ. रोज झाडून टाकलं.” गोळी जिभेखाली धरून तो परसात जाऊन थुंकत होता. बोर्डापुढं आपलं तोंड दगा देतं हे त्याला कळलं होतं, म्हणून निदान रक्तानं तरी खरं बोलावं, असा त्याचा हिशेब. वहिनींनी डॉक्टरांना खरं ते सांगितलं. आपला माणूस वाचावा म्हणून सांगितलं.

मी भेटायला गेलो त्या दिवशी डॉक्टरांची फेरी चालू होती. नळ्या लावलेल्या, तोंड वाकडं झालेलं, मिशी कुणीतरी कापलेली. डॉक्टर वाकून मोठ्यानं म्हणाले, “काय बाबा, कसं वाटतंय?” बबननं डोळे उघडले. आणि चादरीखाली मला हालचाल दिसली. त्याचा जिवंत डावा पाय सरकत सरकत गेला आणि निर्जीव उजव्याला जाऊन टेकला. टाचा जुळवल्या त्यानं. मान इवलीशी हलली... ठीक. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून रडलो. आमच्या धर्मात राग हा शत्रू मानलाय, पण त्या घटकेला मला सगळ्यांचा राग आला होता. त्या बोर्डाचा, त्या चौकीचा, पारावरच्या टोळक्याचा, आणि सगळ्यांत जास्त त्याच्या त्या टाचांचा. ती आमची शेवटची भेट.

दहाव्याला माझ्याच दुकानातून टॉवेल-टोप्या गेल्या. गावानं भाषणं केली. पारावरचाच एकजण बोलला की असा धडधाकट माणूस होता, कधी कुरकूर नाही, कधी दुखणं नाही. ऐकवेना म्हणून मी उठून आलो. वकिलाचं म्हणणं, वहिनींना खटला पुढं चालवता येईल. पण आता दवाखान्याच्या कागदांत आलंय की रुग्णानं औषधं स्वतःहून बंद केली, आणि समोरचे तेच धरून बसणार. मरण त्याचं त्यानं ओढवून घेतलं, म्हणणार. वहिनी खरं बोलल्या ते आता त्यांच्याच विरुद्ध उभं राहील. मी वकिलाला विचारलं, यातून वाट काय? त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, एवढंच. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. चांगलं होईल असं म्हणायला जीभ रेटत नाही.

परवा रविवारी वहिनी बाजाराला आल्या होत्या. पायरीवर थांबल्या, आत येऊन त्याच्याच खुर्चीत बसल्या. उन्हानं तोंड उतरलं होतं. मी पाणी दिलं, यंत्र काढलं. काउंटरवर खाकी घडी तशीच आहे. त्याच्या मनगटाचा जरासा खोलगट ठसा आहे तिच्यावर, आणि मी ती अजून झटकलेली नाही. दुकानातल्या माणसांना सांगून ठेवलंय, तिला हात लावायचा नाही. वहिनींनी हात पुढं केला आणि बरोबर त्या खोलगटातच ठेवला. पट्टा बांधता बांधता मी कुणीही विचारतं तसं विचारलं, “कशा आहात, वहिनी?”

“ठीक हाये,” त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. पट्टा फुगत होता, यंत्र कुईकुई करत होतं. साड्या बघणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या, कारण वहिनींनी माझं मनगट घट्ट पकडलं होतं.

“न्हाई भाऊ,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “ठीक न्हाई. काय बी ठीक न्हाई मला.”